भाऊबिजेचा टीव्ही

माझ्या घरात नवी वस्तू आली की जुनी बहिणीकडे जायची. हा नियम कुणी घालून दिला नव्हता, पण पंधरा वर्षं तो चालला. गॅसची शेगडी आली तेव्हा स्टोव्ह गेला. छताला पंखा लागला तेव्हा टेबलफॅन गेला. लाकडी कपाट भिंतीत बसवलं तेव्हा लोखंडी कपाट गेलं. मला वाटायचं मी बहिणीचं घर भरतोय. खरं तर मी माझं घर रिकामं करत होतो, पण भाऊबिजेच्या दिवशी नेऊन दिलं की त्याला ओवाळणी म्हणता यायचं.

आम्ही बागलाणातले. नामपूरच्या अलीकडे मोसम नदीच्या काठी आमचं गाव. आम्ही दोघंच भावंडं, मी मोठा, ती चार वर्षांनी लहान. एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, हे सगळेच सांगतात. पण अभ्यासात ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. माझी गणितं ती सोडवून द्यायची आणि मास्तर मला शाबासकी द्यायचे. पुढची शाळा नामपूरला होती. मला सायकल मिळाली. तिला सातवीनंतर निंदायचं खुरपं मिळालं. त्या वेळी यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मला तर मुळीच नाही.

सटाण्याला आयटीआय करून मी पंच्याऐंशीच्या सुमारास नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात लागलो. लेथ मशीनवर. दोन वर्षांत कायम झालो. त्याच सुमाराला तिचं लग्न झालं, नामपूरच्या पलीकडच्या एका गावात. मेहुण्याची अर्धा एकर मुरमाड जमीन. तीत काय पिकणार? तो नामपूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या भरायला जायचा, ती दुसऱ्यांच्या वावरात कांदे लावायला आणि काढायला. घर धाब्याचं. मातीच्या भिंती आणि वर मातीचंच सपाट छप्पर.

सुरुवातीला आमच्यात फारसा फरक नव्हता. माझी अंबडजवळची भाड्याची खोली तिच्या घराएवढीच होती. तिच्याकडे एक दिवा, माझ्याकडे एक दिवा. पाणी मी नळावरून भरायचो, ती विहिरीवरून. दिवाळीला ती आली की म्हणायची, नाशकात राहून तू माझ्यापेक्षा अडचणीत राहतोस. आणि निघताना आठवण करून पिशवीभर कांदे ठेवून जायची.

मग नाशिक वाढायला लागलं. मी काही वेगळं केलं नाही. तेच मशीन, तीच पाळी, तेच आठ तास. पण पगारवाढीचे करार होत गेले, खोलीचा फ्लॅट झाला, सायकलची स्कूटर झाली. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे जिथं आम्ही हुरडा खायला जायचो, तिथं इमारती उठल्या आणि त्यातल्या एकीत आम्ही राहायला गेलो. तिनंही काही वेगळं केलं नाही. तीही वाकूनच काम करत होती, उलट माझ्यापेक्षा दोन तास जास्त. पण तिच्या गावाकडे काही सरकलं नाही. मी पुढं गेलो असं लोक म्हणायचे. मी एका जागी उभा होतो, फक्त माझी जागा पुढं गेली. हे तेव्हा कळलं असतं तर थोडा तरी गप्प राहिलो असतो. तेव्हा मी कष्टाचं फळ वगैरे भाषा करायचो.

भाषाही बदलली होती. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. नाशकात सगळे शुद्ध बोलतात म्हणून मी शुद्ध बोलायला लागलो, आणि नंतर बहिणीशीही शुद्धच बोलायला लागलो. ती मात्र अहिराणीच बोलायची. मी विचारायचो, कशी आहेस? ती म्हणायची, बरी शे.

आता त्या टीव्हीबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

आमचा पहिला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, लाकडी खोक्याचा, पुढं सरकती दारं असलेला. दहाएक वर्षं चालला आणि एक दिवस चित्रच दिसेना. दुरुस्तीवाला घरी आला, मागचं झाकण उघडून म्हणाला, “पिक्चर ट्यूब गेली. नवीन टाकण्यापेक्षा भंगारात घाला.” त्याच महिन्यात आम्ही रंगीत टीव्ही घेतला. दिवाळी जवळ आली होती. मी जुना टीव्ही ओल्या फडक्यानं पुसला, बायकोला त्यावर घालायला भरतकामाचं झाकण काढायला सांगितलं.

ती म्हणाली, “अहो, ताईंना बंद टीव्ही देणार?”

मी म्हणालो, “तिकडे लाईट तरी कुठे असते? शोभेला राहील.”

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

नामपूरकडून नाशकात कांदा घेऊन येणारे टेम्पो परत जाताना रिकामे जात. ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं टीव्ही त्यात घेतला. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. भारनियमन कोणत्या वेळात असतं ते मी आधीच विचारून ठेवलं होतं, आणि बरोबर त्याच वेळात पोचलो. अख्खी गल्ली टीव्ही बघायला जमली. मेहुण्यानं आणि आणखी दोघांनी तो देवासारखा उचलून आत नेला. बहीण कपाळावर हात लावून हसत उभी होती. “एवढं कशाले आनं दादा?” एवढंच म्हणाली. तिनं मला ओवाळलं. लाईट यायच्या आत मी परतीची एसटी धरली.

पुढच्या वेळी भेटलो तेव्हा तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो, “रेंज येत नसेल ना? तुमच्या गावाला डोंगर आडवा येतो.” ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हो, डोंगर येतो आडवा. मला सुटल्यासारखं वाटलं. किती सोपं गेलं, असंही वाटलं. नंतरच्या चार-पाच वर्षांत टीव्हीचा विषय निघाला नाही. तो कोनाड्याशेजारी झाकण घालून बसलेला असायचा. वर तिनं माझा कारखान्यातल्या गणवेशातला फोटो ठेवला होता.

दोन हजार साल उलटल्यावर दारिद्र्यरेषेची नवी पाहणी आली. प्रत्येक घरात कोण किती कमावतं हे विचारण्याऐवजी घरात काय काय आहे हे बघायचं आणि त्याला गुण द्यायचे, अशी ती पद्धत होती. गुण जास्त मिळाले की माणूस गरीब नाही. शाळेत जास्त गुण मिळाल्यानं आजवर कुणी नापास झालं नव्हतं, ते या परीक्षेत झालं. बहिणीच्या घराची मागची भिंत तेव्हा बाहेरच्या बाजूला झुकली होती. मेहुण्यानं तिला लाकडाचे टेकू लावले होते. यादीत नाव लागलं असतं तर घरकुल मिळणार होतं, म्हणजे विटा-सिमेंटची एक खोली. तिला दुसरं काही नको होतं. पावसाळ्यात पोरांना त्या भिंतीकडे पाय करून झोपवायला ती घाबरायची.

पाहणीवाले येणार हे गावाला आदल्या दिवशी कळलं, आणि गावानं एका दिवसात गरिबी आणली. मोटारसायकली कांद्याच्या चाळीत गेल्या, त्यांच्यावर गोणपाट पडलं. गॅसच्या टाक्या कडब्यात गेल्या. एकाचा ट्रॅक्टर पाहुण्याच्या गावी मुक्कामाला गेला, आणि तो स्वतः फाटका बनियन घालून ओट्यावर असा बसला की बघणाऱ्याला भीक घालावीशी वाटावी. त्यांना तरी का बोलू? मी काय लपवून बसलो होतो ते मला माहीत आहे.

शेजारणीनं बहिणीला सांगितलं, तो टीव्ही आणि कपाट आमच्या गोठ्यात टाक, आमच्याकडे जागा आहे.

बहीण म्हणाली, “भाऊनी देयेल वस्तू कशाले लपाडू? चोरीनी शे का?”

आमच्याकडे माहेरची वस्तू लपवत नाहीत. ती चार माणसांना दाखवायची असते. सासरी बाईला जो काही मान असतो तो माहेराहून काय येतं यावर ठरतो, आणि तिचं माहेर म्हणजे आई-वडील गेल्यावर मीच उरलो होतो. तिनं घर सारवलं. टीव्हीवर धुतलेलं झाकण घातलं. कपाटाचं दार लागायचं नाही म्हणून त्याला आतून दोरी बांधली. मी दिलेली साडी नेसली आणि पाहणी करणाऱ्या मास्तरांना तिनं चहा दिला. मास्तरांनी विचारलं, टीव्ही चालतो का?

“चालस ना,” ती म्हणाली. “मन्हा भाऊनी दिन्हा शे. नासिकले कंपनीमा शे तो.”

टेबलफॅनची कॉइल जळकी होती. मीच दिलेल्या जुन्या कुकरची रिंग सैल होती आणि शिट्टी कधी व्हायची नाही. पंखा? चालतो. कुकर? चालतो. मास्तर लिहीत गेले. हे सगळं मला नंतर मेहुण्यानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. ट्रॅक्टरवाला गरीब निघाला. बहीण निघाली नाही.

मेहुणा नाशिकला माझ्याकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा एकटा आला होता. सोफ्याच्या अगदी कडेवर बसून म्हणाला, “भाऊ, तुमाले सायेब लोकांशी बोलता येतं. एकदा येऊन बघा.” मी दोन दिवसांची रजा टाकली. मनातून बरंही वाटलं. आपल्या शब्दाला किंमत आहे, हे कुणाला आवडत नाही?

सटाण्याला तालुक्याच्या कचेरीत एक वयस्कर कारकून भेटला. माणूस वाईट नव्हता. त्यानं बहिणीच्या घराचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. टीव्ही, पंखा, कुकर, कपाट. एकेक वस्तू मी ओळखली. माझ्या जुन्या खोलीची यादी कुणी सरकारी कागदावर उतरवून ठेवावी तसं ते होतं. बहीण दोन गुणांनी यादीच्या बाहेर होती.

मी त्याला म्हणालो, “साहेब, ही बाई मजुरी करते. तिच्या घरी येऊन बघा.”

तो म्हणाला, “बघून काय करू? यादीत किती घरं बसवायची ते वरून ठरून येतं. आपला जिल्हा पुढारलेला. नाशिकचे कारखाने, द्राक्षं, सगळं धरून हिशेब होतो. तुमचं उत्पन्नही त्यात आलं की.”

माझं उत्पन्न आणि तिची मजुरी एकत्र करून दोघांना वाटली होती, आणि त्या वाटणीत आम्ही दोघंही बऱ्यापैकी सुखी होतो. कागदावर आम्ही पुन्हा एका ताटात जेवत होतो. मला त्या कारकुनाचा राग आला. कारण तो जे म्हणाला ते खरं होतं.

मग त्यानंच वाट सांगितली. “ग्रामसभेत हरकत घ्या. वस्तू बंद आहेत, जुन्या आहेत, असं सांगा. ज्यानं दिल्या त्यानं उभं राहून सांगितलं तर कुणी अडवणार नाही. ग्रामसेवक लिहून घेईल, आम्ही इथं गुण कमी करतो. दोनच तर आहेत.”

ग्रामसभा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी उलट झालं, भाऊच बहिणीच्या गावी गेला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बहिणीनं पुरणपोळी केली, वर आमरस. जेवताना मेहुणा म्हणाला, “भाऊ, तुमी फक्त एवढंच सांगायचं, टीव्ही बंद आहे.” मी म्हणालो, हो हो, सांगतो ना.

सभा मारुतीच्या देवळापुढं भरली. पुरुष पुढं, बायका मागं पारापाशी. ग्रामसेवकानं हरकतीचा कागद वाचला. मेहुणा उभा राहून चाचरत म्हणाला की घरातल्या वस्तू नाशिकच्या भावानं दिलेल्या आहेत आणि त्या चालत नाहीत.

ट्रॅक्टरवाला हसला. “म्हणजे कंपनीवाल्या पाव्हण्यानं बहिणीले भंगार दिलं म्हणा की!”

सगळी सभा हसली. वाईट मनानं नाही, गंमत म्हणून. आणि मग सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. याच माणसांनी तो टीव्ही टेम्पोतून उतरताना बघितला होता. त्यांच्यातल्या काहींनी नंतर मला पोरांच्या नोकरीसाठी विचारलं होतं. मी उठलो. एक वाक्य बोलायचं होतं. टीव्ही बंद आहे, मी दिला तेव्हाच बंद होता. इतकं सोपं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, त्याची चवही मला आठवते.

मी म्हणालो, “टीव्ही चांगला आहे. इथं फक्त रेंज येत नाही.”

शुद्ध मराठीत म्हणालो. ग्रामसेवकानं मान हलवली आणि लिहिलं. मेहुणा खाली बसला. पुढच्या हरकतीचं नाव पुकारलं गेलं.

मी मागं वळून बायकांकडे बघितलं नाही. आजही लोक म्हणतात, तुम्ही नाशिकवाले एवढे फटकळ, मनात काही ठेवत नाही. मी हसतो.

घरी आल्यावर मेहुणा बैल पाण्यावर नेतो म्हणून निघून गेला. बैल त्याचे नव्हतेच, शेजाऱ्याचे होते. बहिणीनं चहा टाकला. मी कोनाड्याशेजारी बसलो होतो, टीव्हीला खेटून. ती ओरडेल, रडेल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर मला समजूत घालता आली असती. तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, टीव्हीची नळी गेलेली आहे हे मला ठाऊक होतं. तू आणल्यावर दुसऱ्याच महिन्यात नामपूरच्या दुकानवाल्याला बोलावलं होतं. त्यानं सांगितलं होतं, हा फार दिवसांपासून बंद आहे.

“मग तू मास्तरांना टीव्ही चालतो असं का सांगितलंस?”

“तुन्हा करता,” ती म्हणाली. “मी तुन्हा करता खोटं बोलनू दादा. तू मन्हा करता खरं बोलना नही.”

एवढंच. चहा घे, गार होतोय, असंही म्हणाली. मी तो चहा प्यायलो. प्यायला नको होता असं आता वाटतं, पण तेव्हा मी तो पूर्ण प्यायलो.

त्या पावसाळ्यात मागची भिंत पडली. दिवसा पडली, सगळे वावरात होते, म्हणून कुणाला लागलं नाही. मी बातमी कळल्यावर गेलो तेव्हा त्यांनी भगदाडात माझं लोखंडी कपाट आडवं लावलं होतं, पाठ बाहेरच्या बाजूला करून. फटीत गोणपाट कोंबलं होतं. कपाटाच्या पाठीवर पावसाचं पाणी ओघळून गंजाचे पट्टे पडले होते. पंधरा वर्षांत मी दिलेली ही एकच वस्तू खरी उपयोगाला आली.

मी म्हणालो, भिंत बांधून देतो. मेहुणा म्हणाला, बघू. त्यानं ती स्वतःच बांधली, मातीचीच, पुढच्या उन्हाळ्यात, गोण्या भरून आल्यावर संध्याकाळी थोडी थोडी. मला कळवलंही नाही.

त्या दिवाळीला मी दुकानात जाऊन नवा टीव्ही घेतला. रंगीत, खोकाबंद, वॉरंटीच्या कागदासकट. दुकानात दोनदा लावून बघितला. बायकोनंच खोक्याला दोरी बांधली. पुन्हा तसाच रिकामा कांद्याचा टेम्पो, पुन्हा मी ड्रायव्हरशेजारी. या वेळी लाईट असतानाच्या वेळात पोचलो. गल्लीत गर्दी जमली नाही. दोन पोरं आली आणि गेली.

बहिणीनं पाट मांडला, मला ओवाळलं, हातावर करंजी ठेवली. मी खोका पुढं सरकवला आणि म्हणालो, हा चालतो. अहिराणीत म्हणालो, “हाऊ चालस.” कितीतरी वर्षांनी तिच्याशी त्या भाषेत बोललो होतो आणि उच्चार मलाच उसना वाटला.

तिनं खोक्यावरून हात फिरवला. वर छापलेलं चित्र बघितलं. मग उठून निरांजन कोनाड्यात ठेवलं आणि तिकडेच तोंड करून म्हणाली, “घर लई जाय दादा. परत कोणी मोजाले येई.”

मी खूप आग्रह केला. ती रागावलेली नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण रागावली असती तर मी खोका तिथंच टाकून आलो असतो. ती फक्त घाबरली होती. टेम्पोवाला नामपूरला माल भरायला थांबला होता. सकाळी कांद्याच्या गोण्यांवर तो खोका ठेवून आम्ही नाशिकला आलो.

तो टीव्ही मग आमच्याच बेडरूममध्ये लावला. पुढं सात-आठ वर्षं होता. कधी बिघडला नाही, चांगला चालायचा.